फितुराच्या घरची सोयरीक

महादेवराव बोरखेडे वांग्याच्या वावरातून तडक घरी आले आणि पायाचा चिखल न धुताच जिना चढून गच्चीवर गेले. हातात मोबाइल, तोंड लालबुंद. गच्चीवर त्यांचा धाकटा भाऊ ताराचंद नेहमीसारखा येरझारा घालत होता. कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीला वळसा, पुन्हा कठडा.

"थांब बे जरा!" महादेवराव ओरडले. "जामवाल्या पाहुन्याईचा फोन होता. आपल्या अपेक्षाची सोयरीक नाई म्हनतात."

"काऊन? परवा तर साक्षगंधाची तारीख काढून राह्यलते."

"तुयापायी! तुया त्या पुस्तकापायी! पोराचा आजा म्हनते, फितुराच्या घरची पोरगी आमच्या घरात नाई पाहिजे."

"फितूर? आपल्या घरात कोन फितूर?"

"मनाजी!" महादेवरावांनी हे नाव असं उच्चारलं, जसा मनाजी खाली ओसरीवर चहा पीत बसला आहे.

आता खरं तर ताराचंदनं कपाळावर हात मारून घ्यायला हवा होता. सख्ख्या पुतणीचं लग्न मोडत होतं हो! पण लेखक नावाचा प्राणी मोठा लबाड असतो. त्याच्या पोटात आधी गुदगुल्या झाल्या. जाम गावात, त्या हायवेच्या धुळीत, एका म्हाताऱ्यानं आपलं पुस्तक वाचलं, आणि इतकं मनावर घेतलं की सोयरीक मोडली! पुण्यामुंबईच्या एकाही समीक्षकानं त्याला एवढा मान दिला नव्हता. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि तो आणखी जोरात चालायला लागला.

हा मनाजी कोण, ते सांगायला पाहिजे.

ताराचंद आधी बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत होता. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा, कृषी केंद्रांच्या बाकांवर बसायचा, आणि औषध कमी विकून गप्पा जास्त गोळा करायचा. कुठे पडकी गढी दिसली की गाडी उभी. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचार, भिंतीवर चढ, पँट फाडून घे. त्यातून त्यानं 'काळगढी' लिहिली. अशी गढी कुठेच नव्हती, ती त्यानं दहा गढ्यांची माती कालवून रचली. काळ भोसल्यांचा, आजूबाजूला पेंढाऱ्यांचा धुमाकूळ. गढीखाली एक म्हातारा नाग राहतो, तो माणसासारखं बोलतो. गढीत एक विहीर आहे, तिच्या पाण्यात उद्याचा दिवस दिसतो. आणि त्या गढीचा दारवान म्हणजे मनाजी. पेंढारी त्याची पोरगी पळवतात आणि सांगतात, दार उघड नाहीतर पोरगी विसर. मनाजी पहाटे दार उघडतो, गढी पडते.

लोकांना ते दार उघडणं फार लागलं. तीन भाग निघाले, आवृत्त्या निघाल्या, ताराचंदनं नोकरी सोडली. लग्न त्यानं केलंच नाही. भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. त्याला बसून लिहिताच यायचं नाही. मनाजी मनात आला की पायांना वेड लागायचं. खाली स्वयंपाकघरात भाकरी थापताना वच्छलावहिनींना डोक्यावर धपधप ऐकू यायचं आणि त्या म्हणायच्या, "लागले भाऊजी पळायले." छोटी अपेक्षा जिन्यात उभी राहून हाक मारायची, "काका, आला का मनाजी?" आला असेल तर तिला सगळ्यात आधी गोष्ट ऐकायला मिळायची. मनाजीची पोरगी पळवली तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती.

आणि आडनाव? तीच तर गंमत. पहिल्या भागाच्या हस्तलिखितात मनाजीचं आडनाव वेगळं होतं. नागपूरच्या प्रकाशकानं ते वाचलं आणि त्याला घाम फुटला. "ताराचंदजी, फितुराला कोणाचंही आडनाव देऊ नका. उद्या त्या आडनावाचे लोक मोर्चा घेऊन येतील, दुकान फोडतील." ताराचंदनं दुसरं आडनाव शोधलं, ते तालुक्याच्या एका पुढाऱ्याचं निघालं. तिसरं शोधलं, ते प्रकाशकाच्या सासुरवाडीचं. वैतागून त्यानं शेवटी आपलंच आडनाव टाकलं. मनाजी बोरखेडे! आता काढा मोर्चा. कोणाच्या भावना दुखायच्या असतील तर दादाच्या दुखतील, आणि दादा काही पुस्तकं वाचत नाही. किती हुशार वाटला होता तो स्वतःला त्या दिवशी!

आणि आता बघा.

संध्याकाळी वच्छलावहिनी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या, आणि प्रत्येक जुडीची गाठ अशी आवळत होत्या की ताराचंदला आपलाच गळा आवळल्यासारखं वाटत होतं. अपेक्षा भिंतीला टेकून बसली होती. इथल्याच, देवळीच्या रोपवाटिकेत ती कामाला होती. नवरदेव रजत पुलगावला बँकेत, आणि रोपवाटिकेच्या कर्जाच्या कागदांवरून दोघांची ओळख झालेली. घरच्यांनी पाहून-सवरून ठरवलेलं स्थळ, असं सगळे म्हणत असले तरी ठरवलं कोणी होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"रजत काय म्हनते?" ताराचंदनं विचारलं.

"तो म्हनते, मी आजोबाले सोडून लग्न नाई करत." अपेक्षाचा आवाज फुटला. "त्याच्या बाबाईलेही काही अडचन नाई. पन घरात अन्नाजीचा शब्द. काका, मले तोच पाहिजे. तुमचं पुस्तक आहे, तुमीच निस्तरा."

"निस्तरतो. उद्याच जाऊन सांगतो त्याईले, की मनाजी खोटा आहे."

"मीही येतो," अपेक्षा म्हणाली.

"पोरीच्या जातीनं सोयऱ्याच्या दारात जायचं?" वहिनींनी जुडी खाली टाकली.

"सोयरे राह्यलेच कुठं आता, आई?" अपेक्षा म्हणाली, आणि वहिनींनी पुन्हा जुडी उचलली.

सकाळी दोघं मोटारसायकलवर निघाले. कापसाची वेचणी चालली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बाया वाकलेल्या. वाटभर ताराचंद मनात भाषण जुळवत होता. साधी गोष्ट आहे, कादंबरी म्हणजे कल्पना. कल्पना म्हणजे खोटं, खोटं म्हणजे मनाजी नाही, आणि मनाजी नाही म्हणजे डाग नाही. इतकं सोपं गणित एखाद्या म्हाताऱ्याला समजायला किती वेळ लागणार? तरी त्याचं मन काही ठिकाणावर नव्हतं. दोन वेळा चहाला थांबला, दोन्ही वेळा चहा अर्धा टाकून उठला.

जामच्या चौकातून थोडं आत प्रभाकररावांचं घर होतं. प्रभाकरराव, म्हणजे रजतचे वडील, अपेक्षाला पाहून गडबडले, पण 'या' म्हणाले. बैठकीत शेजारचे तीन-चार जण आधीच येऊन बसले होते; मोडलेल्या सोयरिकीचा वास गावाला लवकर लागतो. खाटेवर अण्णाजी बसले होते, रजतचे आजोबा. अंगानं वाळलेले, धोतर स्वच्छ, जाड भिंगाचा चष्मा. त्यांच्या मागच्या फळीवर देवाचे फोटो, आणि फोटोंच्या शेजारी लाल कापडात बांधलेली तीन पुस्तकं. कापडाच्या कडेतून ताराचंदला ओळखीचं कव्हर दिसलं. काळगढी! देवाजवळ! त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

अण्णाजी खाटेवरून उठले आणि दोन्ही हात जोडून वाकले. "ताराचंद बोरखेडे माया घरी! बसा, बसा. पोरी, तूही बस."

"मले बसवत नाई, अन्नाजी," ताराचंद म्हणाला आणि खरंच बैठकीत फेऱ्या मारायला लागला. "एकच सांगाले आलो. मनाजी खोटा आहे. मी रचला. आमच्या खानदानात असा कोनीच नव्हता. आमचा पंजोबा भाजीच लावत होता, त्याचा बापही भाजीच लावत होता."

अण्णाजी हसले. लहान पोराची थाप ऐकून हसावं तसं. "अस्सं? अन् आडनाव?"

ताराचंदनं सगळं सांगितलं. प्रकाशक, मोर्चा, पुढारी, सासुरवाडी, सगळं. शेजारी बसलेले खो-खो हसले. अण्णाजी हसले नाहीत.

"ताराचंदजी, मी म्हातारा आहो, येडा नाई. नाग बोलते हे खोटं, मले समजते. विहिरीत उद्याचं दिसते, तेही खोटं. तसं असतं त आमी विहिरी खांदूनच बसलो असतो. पन बाप पोरीपायी दार उघडते, हे कसं खोटं असन? ते तुमी रचलं नाई. ते तुमाले मालूम होतं."

"अन्नाजी, ते माया मनातलं..."

"लोक आपले पूर्वज सरदार होते म्हनून सांगतात. नसले तरी सांगतात. तुमी एकटे निंघाले, ज्यानं आपल्या घरचा डाग जगाले दाखवला. म्हनून तर मी तुमाले देवाजवळ ठेवलं. अन् आता म्हनता, मी मोर्चाले भेलो म्हनून आडनाव टाकलं? ह्या! इतका भेकड मानूस असं पुस्तक लिवन?"

बोला आता! ताराचंदनं आयुष्यभर असा वाचक मागितला होता, आणि तो मिळाला तर असा मिळाला. जितकं तो 'खोटं आहे' म्हणे, तितकी म्हाताऱ्याची खात्री वाढे. दहा वर्षं ताराचंद भाषणांतून सांगत फिरला होता की इतिहासापेक्षा कादंबरीतलं सत्य मोठं असतं. टाळ्या घेतल्या होत्या त्यावर. त्या सगळ्या टाळ्या आता त्याला थपडांसारख्या लागत होत्या.

"मंग पोरीचा काय गुन्हा?" त्याचा आवाज चढला.

"काही गुन्हा नाई. पोरगी सोन्यासारखी आहे. पन उद्या गावातलेच म्हनतीन, अन्नाजीनं फितुराच्या घरची सून आनली. माया नातवानं काऊन आयकून घ्यावं ते?" अण्णाजींनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. शेजारी हसायचे थांबले. म्हणणारे तेच होते. "एकच रस्ता आहे. या चार लोकाईसमोर पोरीच्या डोक्यावर हात ठेवा, अन् शपथ घ्या. मनाजी कदी झालाच नाई, असं म्हना. मी मानून घेतो."

बाहेर हायवेवर ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

खरं पाहता यात अडचण काय होती? मनाजी नव्हताच! सरळ हात ठेवायचा, बोलायचं, मोकळं व्हायचं. पण ताराचंदचे पाय खिळले. त्याच्या डोळ्यांसमोर पहाटेची गढी आली. मनाजी दाराच्या अडसराला हात घालून उभा, आणि मान वळवून त्याच्याकडे पाहतोय. कित्येक वर्षं हा माणूस त्याच्यासोबत चालला होता. त्याच्या खोकल्याचा आवाज ताराचंदला ठाऊक होता. सख्ख्या भावाशी तो जितका बोलला नव्हता, तितका मनाजीशी बोलला होता. आणि आता म्हणायचं, की तू कधी झालाच नाहीस?

अपेक्षानं डोळे मिटले होते.

ताराचंदनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीची आन आहे. मनाजी कदी झालाच नाई. कुठंच नाई. कदीच नाई."

अण्णाजी बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग मान हलवली. "ठीक. प्रभाकर, साक्षगंधाची तारीख सांग त्याईले." आणि उठून त्यांनी फळीवरचं लाल गाठोडं काढलं, ताराचंदच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. झालाच नाई तं मी कोनाचं वाचू?"

परतताना चौकात ताराचंदनं गाडी उभी केली. अपेक्षाचा चेहरा उजळला होता, तिनं रजतला फोन केला, हसली, रडली, पुन्हा हसली. मग फोन ठेवून हळूच म्हणाली, "काका, खरंच नव्हता का वो तो? मी कितीक रडलेली त्याच्यासाठी."

"नव्हता," ताराचंद म्हणाला. शपथ घेतल्यावर दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर ताराचंद शांत झाला. घरात सगळ्यांना बरं वाटलं. तो खुर्चीत बसायला लागला, ताटावर बसला की शेवटपर्यंत जेवायला लागला, दुपारी चक्क झोपायला लागला. वहिनींच्या डोक्यावरची धपधप बंद झाली. महादेवराव म्हणाले, "पाह्य, डोक्यावरचं ओझं उतरलं की मानूस कसा सुधरते." ताराचंद त्यांच्याबरोबर वावरात जाऊन वांगी तोडायलाही लागला.

पण तो आतून धास्तावला होता. चौथा, शेवटचा भाग अर्धा झाला होता. मनाजी पोरीच्या शोधात जंगलात शिरला होता, आणि तिथेच उभा होता. उभा तरी कुठे, दिसतच नव्हता. ताराचंद मुद्दाम गच्चीवर जायचा, ओढून-ताणून चार फेऱ्या मारायचा, आणि पाय आपोआप थांबायचे. नाग बोलेना. विहिरीत नुसतं पाणी. त्यानं मनाजीऐवजी दुसऱ्या एकाला जंगलात पाठवून पाहिलं, तो दोन पानांत मेला. प्रकाशक फोनवर फोन करत होता. ताराचंद त्याला 'चालू आहे' म्हणायचा आणि फोन ठेवून आपल्या स्थिर पायांकडे पाहत बसायचा. एखाद्याला आवाज गेल्यावर जसं वाटत असेल, तसं त्याला त्या पायांकडे पाहून वाटायचं. लाल गाठोडं कपाटात होतं. ते सोडायची त्याची हिंमत झाली नाही.

साक्षगंध देवळीलाच, घरासमोरच्या मांडवात झालं. प्रभाकररावांकडची मंडळी दोन गाड्या भरून आली. अपेक्षा हिरव्या साडीत पाटावर बसली होती, शेजारी रजत, घामाघूम. बायका ओटी भरत होत्या. महादेवराव पाहुण्यांना आग्रह करकरून जिलबी खायला लावत होते. ताराचंद मांडवाच्या कोपऱ्यात एका खुर्चीत बसून होता. सकाळपासून तिथंच.

"ताराचंदजी." अण्णाजी काठी टेकत आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. इकडेतिकडे पाहून त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "एक सांगाचं होतं. त्या दिवशी शपथ घेतली तुमी. ते चार लोकाईले पाहिजे होती. त्याईची तोंडं बंद झाली, काम झालं. मी काही ते शपथ मानली नाई."

ताराचंदनं पाटाकडे पाहिलं. "अन्नाजी, आता पोरीचं..."

"आयका तं. मनाजीनं काय केलं? पोरीसाठी दार उघडलं. जन्मभर ज्या गढीचं राखन केलं, ते देऊन टाकली. अन् तुमी काय केलं माया बैठकीत?" म्हाताऱ्यानं चष्म्यातून त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, अन् मनाजीलेच देऊन टाकलं. मी पाहून राह्यलतो ना तुमचं तोंड. अन् वरून म्हनता, मी त्या घरचा नाई!"

ताराचंदचं इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू त्या मांडवात, सनईच्या कॅसेटच्या आवाजात, सगळ्या पाहुण्यांदेखत बाहेर पडलं. जवळचे लोक समजले, पुतणी जाणार म्हणून काका रडतोय.

"मंग ही सोयरीक काऊन केली तुमी?" त्यानं कसंबसं विचारलं.

"पोरीसाठी इतकं करनारं घर मले दुसरं कुठं भेटन?" अण्णाजी म्हणाले. काठीचा आधार घेऊन ते उठले. "मायी तीन पुस्तकं तुमच्याजवळ आहेत, ते वापस देजा. अन् चौथं लवकर लिवा. डोळे जाऊन राह्यले माये. त्याले पोरगी सापडते का नाई... नको, सांगू नका. लिवा."

ते जेवणाच्या पंगतीकडे गेले. ताराचंद खुर्चीत बसून राहिला. मग उठला. मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत गेला, वळला, परत आला. एका पाहुण्याच्या ताटाला धडकला, माफी मागायची राहिली, पुन्हा वळला. वाढप्यांची तारांबळ उडाली. महादेवराव "आता हे काय लावलं बे!" म्हणून डोळे वटारत होते. वच्छलावहिनींनी हातातलं कुंकवाचं ताट तसंच धरून दिराकडे पाहिलं. "लागले भाऊजी पळायले," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

पाटावरून अपेक्षानंही ते पाहिलं. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं, आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, "काका, आला का?"

ताराचंदनं चालता चालताच मान हलवली. आला होता.